डावीकडचा माणूस

"त्याला ऑर्गनवरून उठवा," आजी म्हणाली. "तेवढं केलंत की बाकीचं आपोआप होतं."

हे तिने चादरीचं टोक हनुवटीखाली धरून सांगितलं आणि पुढच्या चादरीला हात घातला. शनिवारी दुपारी लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरी येतात. मोठ्या रोलरमधून गरमागरम बाहेर पडलेली डबलबेडची चादर एकट्याने घडी करायला गेलात तर ती जमिनीला टेकते आणि पुन्हा धुवावी लागते. तिला दोन माणसं लागतातच. त्यामुळे या घरातली सगळी खलबतं वर्षानुवर्षं शनिवारी दुपारीच होत आलेली आहेत. आत्याने पाळक व्हायचं ठरवलं ते चादरींवर, आणि काकाची सोयरीक मोडली ती उशांच्या अभ्र्यांवर.

आज चौघं होती. रोलरच्या तोंडाशी आजी. तिला डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली आहे, पण डॉक्टरांचे शर्ट तीच धुते, तेव्हा त्यांचं कितपत ऐकायचं ते तिचं तिने ठरवलेलं आहे. तिच्या समोर थोरली लेक, म्हणजे आत्या. दुसऱ्या जोडीला धाकटा मुलगा, म्हणजे काका, आणि वहिनी. वहिनी ही मधल्या मुलाची, म्हणजे भाऊची बायको. इथे प्रार्थनेला येणारी अख्खी मंडळी तिला वहिनी म्हणते, तेव्हा आपणही म्हणू.

भाऊ तेवढा नव्हता. तो चिमटीबरोबर व्हॅन घेऊन माल पोचवायला गेला होता. आणि विषय भाऊचाच होता.

चिमटी ही भाऊ-वहिनींची एकुलती एक लेक. वाळत घालायच्या चिमट्यांच्या टोपलीत झोपून लहानाची मोठी झाली, म्हणून चिमटी. आता बॉयलरपासून व्हॅनपर्यंत सगळं तीच बघते. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं, मोटार चालवायला शिकवणाऱ्या एका बाईशी. घरात त्या बाईला सगळे ड्रायव्हिंगवाली म्हणत, अगदी प्रेमाने. लग्न लावणार होती आत्या, आणि तेही याच लॉन्ड्रीत, कारण मंडळी दर रविवारी इथेच जमते.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तसं वाटणारी माणसं या मंडळीत टिकतच नाहीत. नवऱ्याला सोडून आलेल्या एका बाईला आजोबांनी आपल्या शेजारी बसवून घेतलं, म्हणून मोठ्या चर्चने आजोबांनाच दार दाखवलं होतं. 'मग आमच्याकडे बसू,' असं म्हणून त्यांनी मशिनं बंद केली, इस्त्रीच्या लांब टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि पहिलं प्रभुभोजन तिथेच वाढलं. तेव्हापासून ज्याला कुठेच जागा मिळाली नाही तो इथे येऊन बसतो. साबणाच्या वासाची सवय व्हायला थोडे रविवार लागतात, एवढंच.

आणि या मंडळीतल्या एकूण एक लग्नात भाऊने ऑर्गन वाजवला होता. दोन म्हाताऱ्या घड्याळजींचं एकमेकांशी लग्न लागलं तेव्हा तर त्याने असा काही वाजवला की कपडे पिळायच्या हायड्रो मशिनचं झाकण थरथरायला लागलं. पण स्वतःच्या लेकीने विचारलं तेव्हा म्हणाला, बोटं दुखतायत. तिने पुन्हा विचारलं. बघू, म्हणाला. आणखी एकदा विचारलं तेव्हा तो टेबलक्लॉथवरचा वाइनचा डाग काढायला म्हणून गेला आणि दुपारभर परत आलाच नाही. मग चिमटीने कानाला खडा लावला. आता बापलेक दिवसभर शेजारी शेजारी काम करत आणि डाग सोडून कशावरच बोलत नसत.

"त्याला हे लग्न मान्य नाही का?" काका म्हणाला. "तसं तरी सांगावं एकदा."

"मान्य नसतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं," आत्या म्हणाली. "सबंध उपदेश त्याच्यावर दिला असता. पण तो तिला आग्रह करकरून जेवायला वाढतो, तिची गाडी स्वतः धुतो. लग्न म्हटलं की मात्र बोटं चोळायला लागतो."

"बोटांना धाड भरलेली नाही," वहिनी म्हणाली. "परवा बरणीचं झाकण मला निघेना. ह्यांनी एका झटक्यात काढलं. मग आठवलं, आणि आई गं म्हणाले."

आजी एवढी हसली की चादरीची घडी तिरकी झाली. ती तिने मोडली आणि पुन्हा घातली. "म्हणून सांगते," ती म्हणाली, "ऑर्गनवरून उठवा आणि डावीकडे बसवा."

डावीकडे म्हणजे काय ते नव्या माणसाला सांगावं लागतं. प्रार्थना संपली की आत्या विचारते, कुणाची काही आशा आहे का. ज्याची असेल तो उभा राहून सांगतो. मग त्याच्या डावीकडे जो कोण बसला असेल त्याने उठून 'मी धरतो' म्हणायचं. की ते काम त्याचं झालं, पार पडेपर्यंत. ही आजोबांनी घातलेली रीत. चादरीला लागतं तसं आशेलाही दुसरं टोक धरणारं कुणीतरी लागतं असं ते म्हणायचे, आणि रोलरपाशी स्वतः कायम डावीकडे उभे राहायचे. नाही म्हणायची सोय नाही. या रीतीपायी आजवर एक न्हावी पोहायला शिकला, एक विधुर स्वयंपाक करायला लागला, आणि कुत्रा दिसला की रस्ता बदलणाऱ्या काकाला एका बाईंचा आजारी कुत्रा बरा होईपर्यंत मांडीवर घेऊन बसावं लागलं. त्यामुळे रविवारी लोक खुर्ची धरण्याआधी उजवीकडे कोण बसलंय ते बघून घेतात. प्रभूला हे दिसत असणार, पण तो काही बोललेला नाही.

भाऊ मात्र जन्मात कुणाच्या डावीकडे आला नव्हता. ऑर्गनच्या एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला हायड्रो. माणूस भिडस्त. विशीत असताना ते स्टूल त्याने धरलं आणि पुढे सोडलं नाही.

"उद्या ती उभी राहणार आहे," आत्या म्हणाली. "ड्रायव्हिंगवाली. चालेल का म्हणून मला विचारून गेली. तिच्या घरचं कुणी लग्नाला येणार नाहीये. आत येताना कुणीतरी वडीलधारं बरोबर असावं, एवढीच तिची आशा."

वहिनीने आपल्या हातातली चादर उगाचच दोनदा झटकली.

"मग तिच्या डावीकडे भाऊ," काका हळूच म्हणाला.

"तिच्या डावीकडे भाऊ."

"तिला सांगायचं हे?"

"अजिबात नाही. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा इंडिकेटर दिल्याशिवाय वळत नाही ती. असलं काही तिला पटायचं नाही."

ऑर्गनच्या झाकणाला कुलूप घालायचं असं ठरलं. पाळकबाईंनी खोटं कसं बोलायचं, असा प्रश्न काकाने काढला. आत्या म्हणाली, किल्ली हरवली असं मी म्हणणारच नाही, कुठे आहे ते फक्त सांगणार नाही. तेही आजीला पसंत पडेना. "किल्ली माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "मला विस्मरण होतं असं डॉक्टर सगळ्यांना सांगत फिरतायत. त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे."

"आणि छोट्या," आत्या काकाला म्हणाली, "लोकांना बसवतोस तू. दुसरी रांग. ती मधे. तिच्या डावीकडे भाऊ, उजवीकडे चिमटी. नीट ऐकलंस?"

"डावीकडे भाऊ, उजवीकडे चिमटी. ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मी काय करायचं?" वहिनीने विचारलं.

"तू गप्प बसायचंस."

"म्हणजे सगळ्यात अवघड काम मला," वहिनी म्हणाली.

*

वहिनी गप्प बसली खरी. लेकीसाठी सासरच्यांच्या कटात सामील व्हायचं हे ठीक. पण नवऱ्याला असं खिंडीत गाठायचं हे काही तिच्या मनाला पटेना. ऊन उतरल्यावर ती गच्चीत रुमाल काढायला गेली तेव्हा तिचं ठरलं होतं की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. भाऊ वर आला, न सांगता तिच्या हातातली टोपली त्याने घेतली, आणि तिचं ठरलं की आता ह्यांना सगळं सांगून टाकायचं.

"बोटं कशी आहेत?" तिने सुरुवात केली.

"आहेत तशीच."

"मलम लावू?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्याने टोपली खाली ठेवून हात पुढे केला. ती एकेक बोट चोळत बसली. बोटं धडधाकट होती हे तिला माहीत होतं, तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं, आणि तरी दोघांनाही ते बरं वाटत होतं.

"तुम्हाला आवडत नाही का ती?"

"कुणी सांगितलं? आवडते की. चिमटी इतकी हसताना मी कधी बघितली नव्हती."

"मग असं का करता?"

"ते मलाच कळलं असतं," भाऊ म्हणाला, "तर धडधाकट बोटांना मलम कशाला लावून घेतलं असतं?"

वहिनीचे हात थांबले. मग तिने अंगठा चोळायला घेतला, जो चोळायचा राहिला होता.

"आज चादरींना बराच वेळ लागला म्हणे," तो म्हणाला.

"नेहमीएवढाच लागला."

"चौघं असताना?"

"आईंना आता उरकत नाही."

सासूवर इतकं धडधडीत खोटं ती लग्न झाल्यापासून बोलली नव्हती. ते सावरायला ती घाईघाईने म्हणाली, "उद्या चांगला शर्ट घाला."

"का? ऑर्गनमागे कोण बघतंय मला?"

"पुढे बसलं की दिसतो माणूस," वहिनी म्हणाली आणि मग तिने जीभ चावली. भाऊने तिच्याकडे बघितलं, टोपली उचलली आणि काही न विचारता खाली गेला. तो सगळ्यात चांगला शर्ट शोधत होता हे तिला नंतर कपाटाच्या आवाजावरून कळलं.

*

काका सकाळपासून घोकत होता. डावीकडे भाऊ, उजवीकडे चिमटी. खुर्च्या मांडताना, दारात लोकांशी हस्तांदोलन करताना, आजारी पडून बऱ्या झालेल्या त्या कुत्र्याला लांबून नमस्कार करताना त्याचं हेच चाललं होतं. आयुष्यात प्रथमच थोरल्या बहिणीने त्याच्यावर काहीतरी सोपवलं होतं. लहानपणी ताईने त्याला शर्टाची बटणं मोजायलासुद्धा दिली नव्हती, आणि ते त्याच्या अजून मनात होतं.

आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. काका दर रविवारी इस्त्रीच्या टेबलापाशी, मंडळीकडे तोंड करून उभा राहतो आणि तिथून हात करकरून लोकांना बसवतो. तो स्वतः खुर्चीत असा बसतच नाही. उपासना सुरू झाली की दाराशी जाऊन उभा राहतो. त्याची डावी ती बसलेल्यांची उजवी, हे ध्यानात यायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. कुत्र्याची आशा त्याच्या गळ्यात पडली ती सुद्धा तो पाणी प्यायला म्हणून टेकला असताना. त्याने ड्रायव्हिंगवालीला दुसऱ्या रांगेत मधे बसवलं. चिमटीला आपल्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसवलं. आपल्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर गीतांचं पुस्तक ठेवलं. आणि छाती काढून उभा राहिला.

तिकडे भाऊ ऑर्गनपाशी गेला होता. त्याने झाकणाला हात लावला, मग कुलपाला लावला.

"ताई, किल्ली?"

"आज तसंच गाऊ, भाऊ," आत्या टेबलावरचं कापड सारखं करत म्हणाली. कापड आधीच सारखं होतं.

भाऊ आजीकडे वळला. "आई, किल्ली बघितलीस?"

"कसली किल्ली?" आजी म्हणाली आणि गळ्यातली दोरी कॉलरच्या आत सारली. "बाळा, मला हल्ली काही आठवतच नाही. तू कोण?"

पहिल्या रांगेतले दोन्ही घड्याळजी खाली बघून खाकरले. वहिनी गीतांचं पुस्तक उलटं धरून वाचत होती. भाऊला हसू येत होतं, पण हसण्यासारखं काही झालेलं नाही अशा चेहऱ्याने तो दुसऱ्या रांगेकडे गेला. काकाने त्याला बाहीला धरून रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि आत्याकडे बघून अंगठा वर केला.

आत्याने दुसऱ्या रांगेकडे बघितलं. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. मग तिने डोळे वटारून काकाला खूण केली. काकाला वाटलं शाबासकी. त्याने दुसराही अंगठा वर केला.

भाऊला कळायला थोडा वेळ लागला. कट आहे हे त्याला गच्चीतच कळलं होतं. काल संध्याकाळपासून तो स्वतःला सांगत होता, होऊ दे, ओढून नेतायत तर नेऊ देत, आपल्याला पाऊल उचलावं लागणार नाही. आता तो बसला, शेजारी ड्रायव्हिंगवाली बसलेली बघितली, तिच्या पलीकडे चिमटी, आणि त्याने मनातल्या मनात कोण कुणाच्या कुठे याचा हिशेब केला. तो तिच्या उजवीकडे होता. तिच्या डावीकडे खुद्द चिमटी होती. म्हणजे तो सुटला होता. त्याच्या भावाने, नेहमीप्रमाणे, मेहनत घेऊन घोळ घातला होता.

सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना.

गाणं सुरू झालं. ऑर्गन नसल्यामुळे सूर काकाने धरला, आणि तो इतका वरचा धरला की दुसऱ्या कडव्यापर्यंत फक्त तो आणि कुत्रा उरले. मग उपदेश झाला, प्रार्थना झाली. आत्या सगळं बरोबर बोलत होती, पण मधेच तिची नजर दुसऱ्या रांगेवर जायची आणि वाक्य कुठे चाललंय ते तिलाच कळायचं नाही.

"कुणाची काही आशा आहे का?" शेवटी तिने विचारलं. तिचा आवाज असा होता की आज कुणाची नसली तर फार बरं.

थोरले घड्याळजी उभे राहिले. हे दोघं एरवी शेजारी बसतात. आशा सांगायची असली की मधे एक खुर्ची ठेवतात, कारण घरचंच माणूस डावीकडे आलं तर आशा वाया जाते. ते तसंही करणारच असतं.

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "काही दिवस मला पेपर कुणीतरी वाचून दाखवावा. आमच्या ह्यांचा आवाज ऐकला की मला झोप येते."

त्यांच्या डावीकडे हॉटेलातला तरुण कुक होता. "मी धरतो," तो उठून म्हणाला. "पण मी फक्त खेळाचं पान वाचतो."

"चालेल. बाकीच्या पानांनी डोळ्यांना त्रासच होतो."

मंडळी हसली. आणि त्या हसण्यातच ड्रायव्हिंगवाली उभी राहिली.

तिला लोकांशी बोलायची सवय होती, पण ते एका वेळी एका माणसाशी, आणि तेही समोर बघत. "आमच्या लग्नाला माझ्या घरचं कुणी येणार नाही," ती म्हणाली. "मी सगळ्यांना विचारलं. आईला दोनदा विचारलं. त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण तो माझा मी बघेन. माझी आशा एवढीच आहे की आत येताना आमच्याबरोबर कुणीतरी मोठं माणूस चालत यावं. मला एकटं वाटू नये म्हणून."

मंडळीने डावीकडे बघितलं. डावीकडे चिमटी होती.

चिमटी उठली. "मी धरते," ती म्हणाली, कारण म्हणावंच लागतं. "पण मी... मी तर तिथे असणारच आहे."

लोक पोट धरून हसले. धाकट्या घड्याळजींना तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दाराशी काकाने आपले दोन्ही हात समोर धरून आलटून पालटून बघितले आणि त्याचा चेहरा पडला. आत्याने डोळे मिटले. लोकांना वाटलं ती प्रार्थना करतेय. आजी मात्र हसली नाही. ती एकटक भाऊकडे बघत होती.

ड्रायव्हिंगवालीही हसली. हसत हसत खाली बसली, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने खालचा ओठ दातांत धरला. ते शेजारी बसलेल्या माणसाला तेवढं दिसलं.

भाऊला ते पाहवलं नाही. या खोलीत जेवढी लग्नं लागली त्या प्रत्येक लग्नात पुढच्या खुर्च्या आईबापांसाठी ठेवलेल्या असत, आणि कितीदा तरी त्या रिकाम्या राहत. तो ऑर्गनमागून त्या खुर्च्या बघायचा आणि आणखी जोरात वाजवायचा. न आलेल्या आईबापांना त्याने मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या अख्ख्या आयुष्यात कुणालाच घातल्या नसतील. ही पोरगी इथे कुणाकडे काही न मागता सहा महिने बसत होती, आणि आज तिने मागितलं तर तेही वाया गेलं. तो हलला नाही तरी आज त्याला कुणी बोल लावणार नव्हतं. रीत पाळली गेली होती. आणि नेमकं तेच त्याला सहन होईना.

"अजून कुणाची?" आत्याने घाईने विचारलं. "नसेल तर आपण पुढे—"

"माझी," भाऊ म्हणाला.

तो उभा राहिला. मंडळीने त्याला ऑर्गनमागे बसलेला पुष्कळ बघितला होता. असा सगळ्यांमधे उभा असलेला भाऊ बऱ्याच जणांना नवीनच होता.

"माझी बोटं दुखत नाहीत," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल," आजी म्हणाली. "मागे ऐकू जात नाही."

"माझी बोटं दुखत नाहीत," तो मोठ्याने म्हणाला. "मी खोटं बोललो. मला वाटायचं, जे आईबाप लग्नाला येत नाहीत त्यांच्यात माया नसते. मग चिमटीने मला विचारलं आणि मला घामच फुटला. लोक तिच्याकडे कसे बघतील, रस्त्यात कोण काय बोलेल, हिचं सोपं काहीतरी का नाही झालं, असलं सगळं मनात आलं. माझ्या. इथे, या ऑर्गनवर बसणाऱ्या माणसाच्या मनात. मग कळलं की त्या आईबापांनाही नुसती भीतीच वाटत असेल. आणि मग मला माझीच एवढी लाज वाटली की..." तो थांबला. "की डाग काढत बसलो."

चिमटी त्याच्याकडे बघत होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"मला ती खुर्ची रिकामी ठेवायची नाही," भाऊ म्हणाला. "वाजवायचंही नाही. मला या दोघींबरोबर चालत आत यायचंय. पण माझे पाय उचलत नाहीत. त्या दिवसापर्यंत मला कुणीतरी न्या. ही माझी आशा."

"मग वाजवणार कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते नंतर बघू," आजी म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे."

यावर एरवी हशा पिकला असता. पण आता एकेकाची मान डावीकडे वळायला लागली होती. आधी आत्याची, मग वहिनीची, मग घड्याळजींची. काकाने एकवार आपल्या हातांकडे बघितलं, एकवार रांगेकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

भाऊच्या डावीकडे ड्रायव्हिंगवाली बसली होती. आपली पाळी आलीय हे तिच्या सगळ्यांत शेवटी लक्षात आलं. ती उठली.

"मी धरते," ती म्हणाली. मग तिने घसा साफ केला आणि शिकायला आलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "माझ्याकडे येणारे सगळे घाबरलेलेच असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी शेजारी बसते. माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, अगदीच भीती वाटली तर मी दाबते. पण चालवायचं तुम्हीच, बाबा."

त्याला बाबा म्हणणारं जगात एकच माणूस होतं, म्हणून भाऊने सवयीने चिमटीकडे बघितलं. चिमटीच्या तोंडावर अजून दोन्ही हात होते. मग त्याची नजर अलीकडे, ड्रायव्हिंगवालीवर आली.